कॅनडातील लाभांशातून नियमित उत्पन्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिसिसागा, ब्रॅम्प्टन आणि आसपासच्या मराठी घरांत निवृत्तीचा विषय निघाला की बोलणे हमखास लाभांशावर येते. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आणि बँकेतील मुदत ठेव यांवर आपली पिढी वाढली असल्याने दरमहा खात्यात काहीतरी जमा झाले पाहिजे, ही अपेक्षा आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे. पुढील प्रश्न त्याच अपेक्षेतून आलेले आहेत. करांची उदाहरणे ऑन्टारिओ प्रांताची असून आकडे 2025 या वर्षाचे आहेत. क्युबेकचे प्रांतिक विवरणपत्र वेगळे असते, त्यामुळे तेथील वाचकांनी प्रांतिक दर स्वतंत्रपणे पाहावेत.

लाभांश म्हणजे मुदत ठेवीच्या व्याजासारखेच उत्पन्न नव्हे का?

नव्हे, आणि पुढचे बहुतेक गैरसमज याच समजुतीतून निर्माण होतात. मुदत ठेवीत, म्हणजे इथल्या भाषेत जीआयसीमध्ये, बँक तुमची ऋणको असते. ठरलेले व्याज देणे तिच्यावर बंधनकारक असते आणि पात्र ठेवींना प्रत्येक सदस्य बँकेत, ठेवीच्या प्रत्येक प्रकारासाठी, 1,00,000 डॉलरपर्यंत सीडीआयसी या ठेवविमा संस्थेचे विमासंरक्षण मिळते. शेअर घेतल्यावर तुम्ही त्या कंपनीचे भागीदार होता. नफ्यातील किती हिस्सा वाटायचा हे संचालक मंडळ दर तिमाहीला ठरवते आणि ते मंडळ तो हिस्सा कमी करू शकते किंवा पूर्ण थांबवूही शकते. दलाल संस्था बुडाल्यास सीआयपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीचे संरक्षण असते हे खरे, पण ते हरवलेल्या शेअरांसाठी आहे, पडलेल्या भावासाठी नाही.

याच्या बदल्यात भागीदाराला जे मिळते ते ठेवीदाराला कधीच मिळत नाही, आणि ते म्हणजे वाढ. फोर्टिस या वीज व वायू पुरवणाऱ्या कंपनीने सलग 50 हून अधिक वर्षे लाभांश वाढवत नेला आहे. पाच वर्षांच्या जीआयसीचे व्याज मात्र पाचव्या वर्षीही पहिल्या वर्षाइतकेच राहते, भाजीचा भाव कुठेही जावो.

कॅनडाच्या बाजारात लाभांश देणाऱ्या कंपन्या मुख्यतः कोणत्या?

सहा मोठ्या बँका, विमा कंपन्या, तेल व वायूच्या पाइपलाइन, वीजपुरवठा कंपन्या, दूरसंचार कंपन्या आणि स्थावर मालमत्तेचे न्यास, म्हणजे रीट. बँक ऑफ मॉन्ट्रियल 1829 पासून अखंडपणे लाभांश देत आली आहे, आणि इतर मोठ्या बँकांची परंपराही एकोणिसाव्या शतकातील आहे. 2008 च्या आर्थिक संकटात अमेरिकेतील मोठमोठ्या बँकांनी लाभांश कापले, पण इथल्या सहा मोठ्या बँकांपैकी एकीनेही कापला नाही. मार्च 2020 मध्ये नियामक संस्था ओएसएफआयने बँकांना लाभांश वाढवण्यास मनाई केली, ती नोव्हेंबर 2021 मध्ये उठली. त्या काळात वाढ थांबली, पण देणे चालू राहिले.

ही परंपरा मोठी असली तरी ती सर्वच वित्तसंस्थांना लागू करणे धोक्याचे ठरते. मॅन्युलाइफ या विमा कंपनीने ऑगस्ट 2009 मध्ये लाभांश निम्म्यावर आणला, तेव्हा तिच्याकडेही लोक बँकेइतक्याच विश्वासाने पाहत होते.

ज्या शेअरचे यील्ड जास्त तो घेणे शहाणपणाचे नाही का?

यील्ड हा एक भागाकार आहे: वर्षभराचा लाभांश भागिले शेअरचा आजचा भाव. लाभांश वाढला तर हा आकडा वाढतो, तसाच भाव पडला तरीही वाढतो. यादीच्या शिखरावर असलेले आकडे बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने तिथे पोहोचलेले असतात.

बेल या दूरसंचार सेवेची मालक कंपनी बीसीई हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. पेन्शनरांचा शेअर म्हणून तिची ख्याती होती. एप्रिल 2022 मध्ये भाव 70 डॉलरच्या वर होता आणि यील्ड 5 टक्क्यांच्या आसपास होते. पुढे व्याजदर चढले, कर्जाचा भार जाणवू लागला, आणि 2023 मध्ये क्युबेकॉरने फ्रीडम मोबाइल विकत घेतल्यावर मोबाइल सेवेच्या दरांची स्पर्धा तीव्र झाली. भाव घसरत गेला आणि कंपनी वर्षाला 3.99 डॉलर देतच राहिल्यामुळे 2025 च्या सुरुवातीला यील्ड 12 टक्क्यांच्या आसपास पोहोचले. त्या वेळी अनेकांनी "इतके तर कुठेच मिळत नाही" म्हणून खरेदी केली. वस्तुतः 2024 मध्येच कंपनी हाती उरणाऱ्या रोखीपेक्षा जास्त रक्कम लाभांशात वाटत होती आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तिने लाभांशाची वाढ थांबवत असल्याचे जाहीर केले होते. मे 2025 मध्ये वार्षिक लाभांश 3.99 वरून 1.75 डॉलरवर आला.

म्हणजे 12 टक्के हा आकडा कंपनीने कधी देऊ केलाच नव्हता. हा लाभांश टिकणार नाही, हे बाजार त्या आकड्यातून सांगत होता.

लाभांश कापला जाण्याची चाहूल आधी कशी लागते?

पहिले पाहायचे ते वाटपाचे प्रमाण, म्हणजे कमावलेल्या रकमेपैकी किती वाटली जाते. हे प्रमाण सर्व उद्योगांना एकाच फुटपट्टीने मोजता येत नाही. बँका साधारणपणे नफ्याच्या 40 ते 50 टक्के वाटण्याचे उद्दिष्ट ठेवतात. पाइपलाइन कंपन्यांच्या बाबतीत घसाऱ्यामुळे कागदावरचा नफा कमी दिसतो, म्हणून तिथे वाटपयोग्य रोख रक्कम पाहतात. एन्ब्रिजने या रकमेच्या 60 ते 70 टक्के वाटप हे आपले उद्दिष्ट म्हणून जाहीर केलेले आहे. रीटमध्येही रोख रकमेचाच निकष लावला जातो.

दुसरे म्हणजे कर्ज. विशेषतः कंपनी लाभांश देण्यासाठी दरवर्षी नवे कर्ज काढत असेल किंवा नवे शेअर विकत असेल, तर एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्याचा तो प्रकार असतो.

तिसरी गोष्ट अनुभवातून कळते. लाभांश एकदा कापला म्हणजे प्रश्न सुटला, असे गृहीत धरू नये. अल्गॉनक्विन पॉवर या वीजपुरवठा कंपनीने जानेवारी 2023 मध्ये लाभांश 40 टक्क्यांनी कापला; आता घाण निघून गेली, असे मानून पुष्कळांनी शेअर घेतले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने उरलेल्या लाभांशाला पुन्हा 40 टक्क्यांची कात्री लावली. दोन कपातींनंतर मूळच्या शंभरातले 36 उरले. उलट सनकोर या तेल कंपनीने मे 2020 मध्ये लाभांश निम्म्याहून खाली आणला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये दुप्पट करून 2019 च्या पातळीवर नेला. तेलाच्या धंद्यात चढउतार असतातच. नियंत्रित दराने वीज विकणाऱ्या कंपनीने लाभांश कापणे हे मात्र आजाराचे लक्षण असते.

दरमहा 1,000 डॉलर मिळण्यासाठी किती भांडवल लागेल?

वर्षाचे 12,000 डॉलर. 4 टक्के यील्डने 3,00,000 डॉलर लागतात, 5 टक्क्यांनी 2,40,000 आणि 8 टक्क्यांनी 1,50,000. हा शेवटचा आकडा पाहून अनेकांचे डोळे चमकतात, परंतु 8 टक्के देणाऱ्या वस्तूंमध्ये काय असते हे पुढे कव्हर्ड कॉलच्या प्रश्नात पाहावे. या हिशेबात कर धरलेला नाही आणि महागाईही धरलेली नाही. ज्यांना तीस वर्षे उत्पन्न हवे आहे त्यांनी 4 टक्के देऊन वाढत जाणारा लाभांश आणि 7 टक्के देऊन तिथेच थांबलेला लाभांश यांची तुलना पहिल्या वर्षावरून न करता पंधराव्या वर्षावरून करावी.

स्वतंत्र शेअर घ्यावेत की ईटीएफ?

ज्यांना कंपन्यांचे तिमाही अहवाल वाचण्याची आवड नाही त्यांच्यासाठी ईटीएफ, म्हणजे अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा आणि बाजारात शेअरसारखाच विकत मिळणारा फंड. जगातील पहिला यशस्वी ईटीएफ 1990 मध्ये टोरांटोच्या बाजारातच सुरू झाला, ही गोष्ट इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

नावे सारखी वाटली तरी या फंडांचे पोट वेगवेगळे असते. व्हॅनगार्डचा व्हीडीवाय हा जास्त यील्ड देणाऱ्या कंपन्या आकारानुसार घेतो, त्यामुळे त्यात अर्ध्याहून अधिक भाग बँका व विमा कंपन्यांचा असतो. आयशेअर्सचा एक्सईआय कोणत्याही एका क्षेत्राला 30 टक्क्यांची आणि एका कंपनीला 5 टक्क्यांची मर्यादा घालतो. सीडीझेड हा फंड किमान पाच वर्षे लाभांश वाढवत आलेल्या कंपन्या निवडतो. पहिल्या दोहोंचा वार्षिक खर्च सुमारे 0.22 टक्के आहे, तर सीडीझेडचा त्याच्या जवळजवळ तिप्पट. तिन्ही फंड दरमहा वाटप करतात, त्यामुळे मासिक उत्पन्नाची हौसही भागते.

माझ्या मते अधिक महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. तुमची नोकरी कॅनडात, घर कॅनडात, त्या घराचे कर्ज कॅनेडियन बँकेचे, आणि सगळी बचतही त्याच पाच-सहा बँकांच्या शेअरांत असेल, तर अंडी एकाच टोपलीत आहेत. कॅनडाचा बाजार जगाच्या शेअर बाजाराच्या सुमारे 3 टक्के एवढाच आहे आणि त्यात औषधे व तंत्रज्ञान हे उद्योग अगदी थोडे आहेत. लाभांशाचा मोह बाजूला ठेवून बचतीचा काही भाग जगभरच्या निर्देशांक फंडात ठेवणे आणि गरजेनुसार त्यातील थोडे युनिट विकणे हेही उत्पन्नच आहे. युनिट विकणे म्हणजे मुद्दलाला हात लावणे, ही भीती आपल्याकडे खोलवर रुजली आहे. पण लाभांश मिळतो तेव्हा शेअरचा भावही तेवढ्याच प्रमाणात उतरतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

बँकेच्या शाखेत सल्लागाराने सुचवलेला डिव्हिडंड म्युच्युअल फंड कसा असतो?

सल्लागारामार्फत विकल्या जाणाऱ्या अशा फंडांचा वार्षिक खर्च बहुधा 2 टक्क्यांच्या जवळपास असतो आणि त्यातला सुमारे 1 टक्का विक्रेत्याला दरवर्षी मिळणारे कमिशन असते. फंडातील कंपन्यांनी 4 टक्के लाभांश दिला तर त्यातला निम्मा खर्चातच जिरतो. मी स्वतः नव्याने आलो तेव्हा एका शाखेत असाच फंड घेतला होता आणि बाहेर पडताना विक्रीशुल्क भरावे लागेल हे मला चार वर्षांनी, पैसे काढायला गेल्यावर, कळले. ही उशिरा लागणारी विक्रीशुल्के जून 2022 पासून नव्या खरेदीवर बंद झाली आहेत. वार्षिक खर्च मात्र आजही विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. तो 'फंड फॅक्ट्स' या छोट्या पत्रकात छापलेला असतो.

कव्हर्ड कॉल फंड 7-8 टक्के देतात, ते कसे?

असा फंड आपल्याजवळच्या काही शेअरांवर, अनेकदा सुमारे निम्म्या शेअरांवर, कॉल ऑप्शन विकतो. म्हणजे भाव ठराविक पातळीच्या वर गेला तर त्यापुढचा फायदा दुसऱ्याला देण्याचे वचन देतो आणि त्या वचनाचे बयाणे आज घेतो. हे बयाणे लाभांशात मिसळून तुम्हाला दरमहा वाटले जाते. बाजार पडला की फंड जवळजवळ पूर्ण पडतो. बाजार सावरला की अर्धवट सावरतो. अशी दोन-तीन वादळे होऊन गेली की त्याच कंपन्यांचा साधा फंड पुष्कळ पुढे निघून गेलेला दिसतो. ज्यांना आज जास्त रोख हवी आहे आणि उद्याची वाढ नको आहे, अशा पंच्याहत्तरीच्या व्यक्तीला हा सौदा पटू शकतो. चाळिशीतल्या व्यक्तीने तो का करावा, हे मला अद्याप कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

लाभांशावर कर कमी लागतो असे म्हणतात. तो नेमका किती?

कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलेला असतो, म्हणून भागधारकाला त्याची अंशतः भरपाई मिळते. मोठ्या कॅनेडियन कंपन्यांच्या 'पात्र' लाभांशाची रक्कम विवरणपत्रात 38 टक्क्यांनी वाढवून दाखवतात आणि त्या वाढीव रकमेच्या 15.0198 टक्के केंद्राची, तर ऑन्टारिओत 10 टक्के प्रांताची करसवलत मिळते.

समजा तुमचे वार्षिक उत्पन्न 60 ते 90 हजार डॉलरच्या दरम्यान आहे आणि 1,000 डॉलर पात्र लाभांश मिळाला. विवरणपत्रात 1,380 डॉलर धरले जातील. केंद्राच्या 20.5 टक्के दराने 282.90 डॉलर कर होतो, त्यातून 207.27 वजा होऊन 75.63 उरतात. प्रांताच्या 9.15 टक्क्यांनी 126.27 डॉलर होतात, पण सवलत 138 डॉलर असल्याने उलट 11.73 डॉलर वाचतात. एकूण कर सुमारे 64 डॉलर. तेवढ्याच जीआयसी व्याजावर 296.50 डॉलर लागले असते. बँकेकडून किंवा दलालाकडून फेब्रुवारीत येणाऱ्या टी5 पत्रकाच्या 24, 25 आणि 26 क्रमांकाच्या चौकटींत हेच तीन आकडे असतात: प्रत्यक्ष रक्कम, वाढीव रक्कम आणि केंद्राची सवलत.

सर्वोच्च उत्पन्नगटात हा फरक कमी होतो: व्याजावर 53.53 टक्के, पात्र लाभांशावर 39.34 टक्के. शिवाय ही सवलत परत मिळणारी नाही. मुळात करच लागत नसेल तर ती वाया जाते. रीटचे वाटप बहुतांशी लाभांश नसतेच, त्यामुळे त्याला ही सवलत लागू होत नाही.

मग शेअर कोणत्या खात्यात ठेवावेत?

आधी टीएफएसए, म्हणजे करमुक्त बचत खाते. त्यात लाभांशही करमुक्त आणि विक्रीही. 2025 ची मर्यादा 7,000 डॉलर आहे आणि 2009 पासून पात्र असलेल्याची एकूण मर्यादा 1,02,000 डॉलर होते. नव्याने आलेले लोक नेमके इथेच चुकतात. ही मर्यादा तुम्ही कॅनडाचे निवासी झालात त्या वर्षापासून साठते. 2019 मध्ये आलेल्याने 2009 पासूनची धरली तर जादा रकमेवर दरमहा 1 टक्का दंड बसतो. वर्षाच्या मध्यात काढलेले पैसे परत भरण्याची जागाही पुढच्या 1 जानेवारीलाच मोकळी होते.

आरआरएसपी या निवृत्तीसाठीच्या नोंदणीकृत बचत खात्यामध्ये पात्र लाभांशाची सवलत हरवते, कारण काढलेली प्रत्येक रक्कम साध्या उत्पन्नाप्रमाणे करपात्र होते. मात्र त्यात अमेरिकन शेअर थेट ठेवले तर अमेरिकेची 15 टक्के करकपात होत नाही. टीएफएसएमध्ये ती होते आणि परतही मिळत नाही. म्हणून अमेरिकन शेअर आरआरएसपीत आणि कॅनेडियन शेअर टीएफएसएत किंवा साध्या खात्यात, ही मांडणी बहुतेकांना जमते.

पत्नीचे उत्पन्न कमी आहे. शेअर तिच्या नावावर घेतले तर?

साध्या खात्यात पैसे तुमचे असतील तर लाभांशही कर विभागाच्या दृष्टीने तुमचाच राहतो. तिच्या टीएफएसएसाठी मात्र पैसे खुशाल द्यावेत, त्याला अडचण नाही.

निवृत्त आईवडिलांच्या सरकारी पेन्शनवर लाभांशाचा परिणाम होतो का?

होतो, आणि 38 टक्क्यांच्या त्या वाढीचा तोटा इथे दिसतो. 20,000 डॉलर लाभांश मिळाला तर निव्वळ उत्पन्नात 27,600 डॉलर धरले जातात. 2025 मध्ये निव्वळ उत्पन्न 93,454 डॉलरच्या वर गेले की ओएएस पेन्शनमधून वरच्या प्रत्येक डॉलरमागे 15 सेंट परत घेतले जातात. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना याचा फटका अधिक बसतो, कारण जीआयएस हे पूरक साहाय्य ठरवतानाही वाढीव आकडाच मोजला जातो आणि साहाय्य झपाट्याने घटते. मुलांनी बोलावून घेतलेल्या आईवडिलांच्या बाबतीत, दहा वर्षांच्या निवासानंतर ओएएस सुरू होण्यापूर्वीच त्यांची बचत टीएफएसएमध्ये हलवलेली असणे म्हणूनच हिताचे असते.

लाभांशाच्या आदल्या दिवशी शेअर घेऊन नंतर विकला तर?

मे 2024 पासून व्यवहार एका दिवसात पूर्ण होतात, त्यामुळे लाभांशासाठी नोंदतारखेच्या (ज्या दिवशीच्या भागधारकांना लाभांश मिळतो त्या तारखेच्या) किमान आदल्या कामकाजाच्या दिवशी खरेदी व्हावी लागते. नोंदतारखेला भाव साधारण लाभांशाइतकाच खाली उघडतो. हाती फक्त कर येतो.

लाभांशाची आपोआप पुनर्गुंतवणूक केल्यास कर टळतो का?

टळत नाही, पैसा हाती आला नाही तरी उत्पन्न धरले जाते. मात्र पुनर्गुंतवलेली प्रत्येक रक्कम खरेदी किमतीत मिळवावी, नाहीतर विक्रीच्या वेळी त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भराल. ईटीएफ असेल तर टी3 पत्रकातील 42 क्रमांकाची चौकट पाहावी. तिथे आकडा असेल तर वाटपाचा तेवढा भाग तुमचेच भांडवल परत केलेला आहे. त्यावर आज कर नाही, पण खरेदी किंमत तेवढ्याने कमी होते. वर्षागणिक एक ओळ वहीत लिहून ठेवली तर पुरते.

भारतातील शेअर आणि ठेवींचे उत्पन्न इथे दाखवावे लागते का?

होय, संपूर्ण. भारतीय कंपन्यांच्या लाभांशाला इथली सवलत मिळत नाही, तो व्याजासारखाच पूर्ण करपात्र असतो; भारतात कापलेल्या कराचे श्रेय मर्यादित प्रमाणात मिळते. भारतातील ठेवी, शेअर आणि भाड्याने दिलेला फ्लॅट यांची मिळून खरेदी किंमत वर्षात कधीही 1,00,000 डॉलरच्या वर गेली तर टी1135 हा अर्जही भरावा लागतो. स्वतः राहण्यासाठी ठेवलेले घर त्यात मोजत नाहीत.

पुण्यात राहून कॅनेडियन लाभांश घेता येईल का?

येईल. रॉयल बँक, टीडी, एन्ब्रिज आणि फोर्टिस यांची नोंद न्यूयॉर्कच्या बाजारातही आहे, त्यामुळे अमेरिकन शेअर घेण्याच्या सोयीतूनच ते घेता येतात आणि त्यासाठी एलआरएसची, म्हणजे भारतातून परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, वर्षाला 2,50,000 अमेरिकी डॉलरची मर्यादा लागू होते. पण खरेदी न्यूयॉर्कमध्ये झाली तरी कंपनी कॅनेडियनच राहते. भारत-कॅनडा करारानुसार व्यक्तीच्या लाभांशावर कॅनडात 25 टक्के कर कापला जातो, अमेरिका-कॅनडा करारातील 15 टक्के दराशी गल्लत करू नये. भारतात ते उत्पन्न आपल्या दराने करपात्र होते, कापलेल्या कराचे श्रेय मागता येते आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्ता जाहीर करावी लागते.

कायमचे भारतात परत गेल्यास या शेअरांचे काय होते?

निवासी दर्जा संपतो त्या दिवशी साध्या खात्यातील शेअर विकले असे मानून भांडवली नफ्यावर कर आकारला जातो. त्यानंतर त्यांच्या लाभांशावर 25 टक्के करकपात सुरू होते आणि करसवलत बंद होते. टीएफएसए ठेवता येते, मात्र त्यात नवी रक्कम भरू नये. कॅनडाच्या दृष्टीने ती करमुक्त राहते, पण भारतात पूर्ण निवासी झाल्यावर भारताला तिच्या करमुक्त दर्जाशी देणेघेणे नसते आणि उत्पन्न तिथे करपात्र ठरते. अनेक दलाल संस्था परदेशात गेलेल्या ग्राहकाला नवी खरेदी करू देत नाहीत, विक्री तेवढी करू देतात. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी, आणि शक्यतो टीएफएसए रिकामी करायची की ठेवायची हे ठरवण्यापूर्वी, आपल्या दलालाकडून याबाबतचे उत्तर लेखी घ्यावे.